प्लॉटवरचा नवरदेव

वर्षातले बरेचसे महिने हा गृहस्थ कुठे असतो, कुणाला पत्ता नाही. दिल्लीतल्या द्वारकेत आमच्या सोसायटीमागे एक मोकळा प्लॉट आहे, तिथेच मातीत गाडून घेऊन पडलेला असणार. जुलैत पहिला जोराचा पाऊस झाला, प्लॉटचं तळं झालं, की स्वारी एका रात्रीत हजर! तीही हळदीच्या अंगाने.

हा भारतीय बुलफ्रॉग. चांगला वीतभर. एरवी शेवाळी, अंगावर काळपट डाग, चेहऱ्यावर जेवणाच्या सुट्टीनंतरच्या कारकुनाचा भाव. पण विणीच्या त्या दोन-चार दिवसांत नर असा पिवळाधमक होतो की करोलबागेतल्या शेरवान्यांनी मान खाली घालावी. गळ्याशी दोन बाजूंना दोन निळेशार फुगे, म्हणजे डीजेची सोय घरचीच. मादी मात्र मातकटच राहते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आमची ही म्हणाली, “अहो, याला कावीळ झालीय का?”

रात्रभर डरांव डरांव. सोसायटीच्या ग्रुपवर प्रश्न आला, दहानंतर स्पीकरला परवानगी दिली कुणी? सेक्रेटरी अजून शोधतायत.

खाण्यात हा पक्का दिल्लीकर. फक्त व्हेज काउंटरकडे ढुंकून बघत नाही. किडे, गांडुळं, उंदराची पिल्लं, छोटे साप, आणि भाऊबंदांतला एखादा बारका बेडूक समोर आला तर तोही. (भाऊबंदकी आपल्याकडेही आहे, पण आपण कोर्टात जातो.) याचे बेडूकमासेसुद्धा एकमेकांना खातात.

एकदा टॉर्च मारून पाहिलं. तोंडात झुरळ, पाय बाहेर वळवळतायत. साहेबांनी दोन्ही हातांनी ते आत कोंबलं आणि डोळे गपकन मिटले. मला वाटलं, तृप्ती! छे. बेडूक डोळे आत ओढतो आणि त्यांच्याच दाबाने घास घशाखाली लोटतो. डोळे मिटून जेवणारे पुष्कळ पाहिले, डोळ्यांनी गिळणारा हा एकच.

पूर्वी याच्या तंगड्या परदेशी जायच्या. १९८७ साली सरकारने ती निर्यात बंद केली. गोव्यात अजून चोरून ‘जंपिंग चिकन’ होतोच. इथे दिल्लीत त्याला कुणी खात नाही, गाडीखाली मात्र घेतात. तेव्हा पावसाळी रात्री जरा हळू चालवा. नवरदेव रस्त्याच्या मधोमध बसलेला असतो, आणि हॉर्नला तो वरातीचा बँड समजतो.