'अ' तुकडीत घ्या, काम करणे

पहिलीच्या 'अ' तुकडीत यंदा साठ लेकरं बसली आहेत, 'ब'मध्ये एकवीस. प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक, असं शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून सांगतो आहे. मुख्याध्यापकांना तो पाठ आहे. पण वरची तीस लेकरं कायद्यानं आलीच नाहीत, फोनवरून आली.

शाळा कुठली, ते विचारू नका. बीड जिल्ह्यात आष्टीपासून परळीपर्यंत जिथं दोन तुकड्या आहेत, तिथली कुठलीही धरा.

जूनमध्ये शाळा उघडली की मुख्याध्यापकांच्या टेबलावरच्या काचेखाली चिठ्ठ्या साठतात. कुणी वीजबिलाच्या पाठीवर लिहिलेलं, कुणी नेत्याच्या फोटोच्या कार्डावर. मजकूर एकच : "पत्रवाहक आपले कार्यकर्ते आहेत. पाल्यास 'अ' तुकडीत घ्यावे. काम करणे." पाल्याचं नाव लिहायचं राहिलेलं असतं, दादांची सही मात्र ठसठशीत. 'अ'मध्ये असं काय विशेष आहे, हे दादांनाही ठाऊक नसावं. दोन्ही वर्गांना पुस्तक एकच आणि दुपारची खिचडीही एकाच पातेल्यातली.

काही मागण्या मात्र खास आपल्या मातीतल्या. एक पालक म्हणाले, "सर, चुलतभावाचं पोरगं 'अ'मध्ये असंल तर आमचं 'ब'मध्ये टाका. बांधाची केस कोर्टात चालू हाय." सहा वर्षांच्या दोन पोरांना बांध म्हणजे काय ते माहीत नाही. तारीख मात्र त्यांच्याही नावावर पडली.

आणि एक चौकशी कुणीच कागदावर आणत नाही. खुर्ची जवळ ओढून हळूच होते : "बाईंचं आडनाव काय म्हणलात?" 2025 मध्ये बीडच्या पोलिसांनी छातीवरच्या पाटीवरून आडनाव काढलं, नुसतं नाव ठेवलं. शाळेच्या भिंतीवर वर्गशिक्षकांची नावं अजून आडनावासकट लिहिलेली आहेत, आणि पालक ती चष्मा पुसून वाचतात.

सगळ्याच विनंत्या फेकून द्याव्यात, असं नाही. एका बाईचं लेकरू डाव्या कानानं कमी ऐकतं, तिला त्याला पुढच्या बाकावर बसवायचं होतं. तिच्याकडे चिठ्ठी नव्हती, म्हणून "अर्ज करा" असं उत्तर मिळालं.

आता त्या एकवीस जणांकडे या. 'ब'मधल्या बहुतेकांचे आईबाप ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली, दिवाळी झाली की ट्रकमध्ये संसार भरून सांगली-कोल्हापूर, नाहीतर थेट कर्नाटक. त्यांची मागणी तुकडीची नसतीच. "बाई, लेकराचं नाव तेवढं काढू नका, पाडव्यापर्यंत येतो आम्ही." नाव काढतंय कोण? शिक्षकांची पदं 30 सप्टेंबरच्या पटावर मंजूर होतात, आणि त्या दिवशी ही लेकरं सोन्याच्या भावाची असतात. त्यांच्या डोक्यांवर पद टिकतं. दिवाळीनंतर तीच डोकी उसाच्या फडात पाचटाशेजारी धाकटी भावंडं सांभाळतात. पद जागेवर असतं, 'ब'चे बाक मोकळे होतात, आणि तरी 'अ'मधलं एकही लेकरू तिकडं सरकवता येत नाही. कारण प्रत्येकामागं एक दादा उभा आहे.

या लेकरांनी आजीजवळ गावातच राहून शिकावं, म्हणून सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. मंजुरी यायला उशीर होतो, तोवर टोळ्या निघालेल्या असतात. मग जेवायला लेकरं कुठून आणायची, हा प्रश्न शाळेपुढं पडतो.

तेव्हा दादा, 'अ' तुकडीच्या चिठ्ठ्या यंदा बास करा. लेटरहेड शिल्लक असेलच, तर त्यातलं एक पंचायत समितीला पाठवा. वसतिगृह दिवाळीच्या आधी उघडू द्या, टोळ्या गेल्यावर नको.