चित्रपुस्तकाची निवड (आवाजासह)

चित्र आणि मजकूर मिळून ज्यात गोष्ट सांगतात, त्याला चित्रपुस्तक म्हणतात. ते लहान मुलांसाठी असते. पण निवडतो, पैसे देतो आणि वाचून दाखवतो तो प्रौढ. निवडीतले बहुतेक घोटाळे या कामवाटपातून होतात.

पहिली कसोटी वयाची. वर्षाच्या आतले मूल पुस्तक तोंडात घालून तपासते. त्याला जाड पुठ्ठ्याचे, गोल कोपऱ्यांचे पुस्तक द्यावे. पानावर एक ठळक चित्र पुरते. दीड-दोन वर्षांच्या मुलाला ओळखीच्या वस्तूंवर बोट ठेवायचे असते: वाटी, चप्पल, मांजर. गोष्ट लागते ती त्यानंतर. प्रौढ मात्र नेहमी पुढच्या वयाचे पुस्तक घेतो, कारण त्याचे मूल वयाच्या मानाने पुढे असते. आपले मूल वयाइतकेच आहे असे मानणारा पालक अद्याप आढळलेला नाही.

दुसरी कसोटी लांबीची. मोठा कागद छापून त्याच्या घड्या घातल्या की पृष्ठे आठाच्या किंवा सोळाच्या पटीत पडतात. त्यामुळे अशी पुस्तके बहुधा 24 किंवा 32 पृष्ठांची असतात. रात्री साडेनऊनंतर ती फार होतात. तेव्हा अंगठ्याने दोन पाने एकदम उलटण्याची कला प्रौढांत प्रचलित आहे. अक्षरओळख नसलेला श्रोता ती हमखास पकडतो.

तिसरी कसोटी कानाची. येथे आवाजाचा प्रश्न उद्भवतो व तो सविस्तर पाहणे भाग आहे. वाचून दाखवणाऱ्यांचे दोन वर्ग पडतात: सरळ वाचणारे आणि आवाज काढणारे. प्रस्तुत लेखक दुसऱ्या वर्गात मोडतो. या वर्गाला इतिहासाचा भक्कम आधार आहे. मोरावियातले शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस यांचे ‘ऑर्बिस पिक्टस’ 1658 साली न्यूरेंबर्ग येथे प्रसिद्ध झाले; मुलांच्या सचित्र पुस्तकांत ते आद्य मानले जाते. त्यात मुळाक्षरे प्राण्यांच्या आवाजांवरून शिकवली आहेत आणि पहिला मान कावळ्याचा आहे. सबब शिक्षणाचा आरंभ मोठ्या माणसाने काव काव करण्यापासून होतो, असे लेखक घरात वारंवार सांगतो. घरच्यांच्या मते कावळा एकदा पुरे. लेखकाच्या संग्रहात कावळ्याखेरीज दोन वाघ (एक तरुण, एक सेवानिवृत्त), सर्दी झालेला हत्ती आणि मगर आहे. मगरीचा आवाज कोणी फारसा ऐकलेला नसल्याने तिथे कलावंताला मोकळे रान मिळते. या मगरीमुळे शेजारचे झोपलेले बाळ उठले. शेजाऱ्यांनी ही गोष्ट तक्रार म्हणून सांगितली, लेखकाने दाद म्हणून घेतली. तेव्हापासून दुकानात पुस्तक उघडले की लेखक आधी पात्रे पाहतो.

या निकषावर माधुरी पुरंदरे यांचा ‘राधाचं घर’ हा संच साफ नापास होतो. शब्द आणि चित्रे दोन्ही त्यांचीच. विषय राधा आणि तिच्या घरची माणसे. डरकाळीला जागाच नाही. असे पुस्तक साध्या आवाजात वाचावे लागते, आणि पंचाईत अशी की मूल नेमके तेच पुन्हा मागते. कारण शोधायला लांब जावे लागत नाही. मगर चालू असताना मूल वाचणाऱ्याच्या तोंडाकडे पाहते. साध्या वाचनात ते चित्राकडे पाहते.

चित्र ही म्हणूनच खरी कसोटी. एरिक कार्ल यांच्या 1969 सालच्या भुकेल्या सुरवंटाच्या पुस्तकात सुरवंटाने खाल्लेल्या फळांना खरोखरच भोके आहेत. प्रौढ त्यातून आकडे आणि वार शिकवू पाहतो. मूल भोकात बोट घालते. कार्ल यांना पुस्तकाची कल्पना कागदाला भोके पाडतानाच सुचली होती, तेव्हा या वादात मुलाचे बरोबर आहे.

राहता राहिले तात्पर्य. कितीतरी पुस्तके शेवटच्या पानावर मुलाचा कान धरतात: दात घासावेत, भाजी खावी, मोठ्यांचे ऐकावे. हे सगळे त्याने सकाळपासून ऐकलेले असते. रात्री ते मांडीवर येते ते आणखी एका सूचनेसाठी नव्हे. दिवसभर कामात आणि फोनमध्ये असलेले आपले माणूस त्याला चार पाने सलग हवे असते. मांडीत मावण्याची वर्षे थोडी. त्यांतली रात्र भाजीवर घालवणे हा अन्याय आहे, आणि तो छापणाऱ्यांइतकाच विकत घेणाऱ्यांकडूनही होतो.

निवडीची रीत त्यामुळे सोपी ठरते. पुस्तक दुकानात उभ्यानेच पूर्ण वाचावे. मजकूर झाकून नुसती चित्रे पाहावीत. त्यांतून गोष्ट कळत गेली तर घ्यावे. तात्पर्य छापलेले असेल तर परत ठेवावे. दोन पुस्तकांत निर्णय होत नसेल तर तो मुलावर सोपवावा आणि त्याने निवडलेल्या पुस्तकात मगर नसली तर वाद घालू नये.