ओळ शून्य, अक्षर शून्य

‘स्कायरिम’ हा गेम नोव्हेंबर २०११ मध्ये आला. जगाने ड्रॅगन मारले, राज्यं घेतली आणि दुसऱ्या गेमकडे मोर्चा वळवला. मॉडर, म्हणजे गेममध्ये स्वतःचे बदल घुसवणारा माणूस, मात्र अजून तिथेच आहे. त्याला ड्रॅगनमध्ये रस नाही. एका खेड्यातल्या एका घराचं दार मध्यरात्री आपोआप उघडावं, एवढीच त्याची मनीषा. कशाला, असं विचारू नये. तोंडभर उत्तर मिळतं आणि रात्र वाया जाते.

अशा मंडळींसाठी गेमची निर्माती कंपनी बेथेस्डाने २०१२च्या फेब्रुवारीत ‘क्रिएशन किट’ हे बदल करण्याचं साधन फुकट देऊन टाकलं. त्यात ‘पपायरस’ नावाची भाषा. तिच्यात लिहायचं पीएससी फाइलमध्ये. कंपाइल झालं की पीईएक्स फाइल तयार होते आणि गेमला तेवढीच वाचता येते. मॉडरची उमेदीची वर्षं या दोन फाइलींच्या मधल्या वाटेवर जातात.

बारा ओळी लिहून तो ऐटीत कंपाइलचं बटण दाबतो. उत्तर येतं: ‘अननोन, शून्य, शून्य’, फ्लॅग्जची फाइल सापडत नाही. म्हणजे चूक अज्ञात फाइलमध्ये, शून्याव्या ओळीत, शून्याव्या अक्षरावर! खाली समारोप: एका फाइलचं काम पूर्ण, यशस्वी शून्य, अयशस्वी एक. एकाच पोराच्या शाळेने निकालाचा तक्ता लावावा, तसा हा थाट.

आता खरं म्हणजे संदेश स्पष्ट आहे. एक फाइल जागेवर नाही, ती शोधा. पण संदेशावर विश्वास ठेवला तर तो मॉडर कसला? तो आपल्या बारा ओळींवर तुटून पडतो. लहान अक्षरं मोठी करतो, मोठी लहान करतो. पपायरसला त्याचं सोयरसुतक नसतं, हे त्याला चांगलं ठाऊक असूनही. ‘एंड-इफ’ मोजतो. ओळी एकेक करून खोडतो. शेवटी स्क्रिप्टचं नाव तेवढं उरतं, आणि एरर तसाच, जराही न हलता. मग संशय अँटिव्हायरसवर, मग विंडोजवर. गेम काढून पुन्हा टाकणं तर तो व्रतासारखं करतो.

‘‘अरे, पोळ्या गार झाल्या!’’

‘‘आलो गं आई, एकच एरर राहिलाय.’’

आईला हे वाक्य पाठ आहे. ती पोळ्या झाकून झोपायला जाते.

दोष कुठे असतो? गेमच्या डेटा फोल्डरमध्ये ‘स्क्रिप्ट्स’ नावाची एक झिप फाइल पडलेली असते. गेमच्या मूळ स्क्रिप्टा, आणि ती फ्लॅग्जची फाइलही, तिच्या पोटात. उघडली की काम झालं. पण इतकी सोपी गोष्ट तो रात्री दोनच्या आत करून पाहत नाही. आणि उघडली तरी पुढे गंमत आहेच. जुन्या आवृत्तीत या फाइलींच्या फोल्डरची वाट होती ‘स्क्रिप्ट्स’मधून ‘सोर्स’. २०१६च्या स्पेशल एडिशनच्या किटने ती उलटी केली, ‘सोर्स’मधून ‘स्क्रिप्ट्स’. जुन्या सवयीचा मॉडर फाइली जुन्या पत्त्यावर नेऊन टाकतो, किट नव्या पत्त्यावर वाट बघत बसतं. मग आयएनआय फाइलीत पत्ता बदलायचा, नाहीतर फाइली हलवायच्या. हा पत्ता बदलायचा निर्णय ज्याने घेतला, त्याला एक रात्र या खोलीत बसवायला हवं, असं माझंही मत झालं आहे.

पहाटे केव्हातरी खाली ‘यशस्वी एक’ उमटतं. मॉडर गेम उघडतो, दारासमोर उभा राहतो, दार उघडतं. तो आत जात नाही. आत काय आहे याच्याशी त्याचं काही देणंघेणं नाही. गेम बंद करून तो खिडकीही उघडता येईल का, या विचाराला लागतो.

चार दिवसांनी एक नवशिका तोच एरर घेऊन त्याच्याकडे येतो. मॉडर खुर्चीत मागे रेलतो, पोराकडे कीव आल्यासारखं बघतो आणि म्हणतो, ‘‘झिप उघडलीस का? नाही? अरे, इथूनच तर सुरुवात करतात!’’