दोन चाव्यांची तिजोरी

अहो वहिनी, जरा कुंपणापाशी या. कढीपत्ता नंतर तोडा. तुमची सून काल ऑफिसातून आली ती तरातरा वर गेली, माझ्याकडे बघून हसलीसुद्धा नाही. घरात काही बिनसलं नाही ना?

काय म्हणता, कंपनीत दोन डिपार्टमेंटं एक केली? आणि पलीकडचा साहेब हिच्या डोक्यावर बसवला? एवढंच होय! अहो, मी अख्खी बँक बदलताना पाहिली आहे, तीसुद्धा त्याच खुर्चीत बसून.

१ एप्रिल २०२०. दहा सरकारी बँकांच्या त्या दिवशी चार झाल्या. देश घरात कोंडलेला आणि आम्ही मास्क लावून काउंटरवर. आमची कुठली ते मात्र विचारू नका, पेन्शन अजून तिकडूनच येते.

बरं, सरकारने जोड्या लावल्या त्याही पत्रिका बघून हो. कुणाचं सॉफ्टवेअर कुणाशी जुळतं, ते आधी पाहिलं. युनियन, आंध्रा, कॉर्पोरेशन तिघीही फिनॅकलवर, म्हणून त्या एकत्र. कॅनरा आणि सिंडिकेटचंही एकच. कागदावर छत्तीस गुण! पण माणसांचे गुण कोण जुळवणार? आमच्याशी जोडलेल्या बँकेचा रजेचा अर्ज वेगळा, व्हाउचरं लावायची रीत वेगळी, कर्जाच्या फायलीत कुठला कागद वर ठेवायचा तेही वेगळं. 'तुमच्याकडे चालत असेल, आमच्याकडे नाही चालत,' हे दिवसभर कानावर. त्यांची शाखा रस्त्यापलीकडेच होती, ती पुढे आमच्यातच आली. मग जेवणाच्या सुट्टीत दोन कोंडाळी, एकमेकांकडे पाठ करून.

आमचे मॅनेजर मात्र वस्ताद. भाषण नाही, एकोप्याची शपथ नाही. स्ट्राँगरूमच्या दोन चाव्या दोघांकडे असतात, एकट्याने उघडायचीच नाही, हा बँकेतला जुनाच नियम. त्यांनी एक चावी माझ्याकडे ठेवली आणि दुसरी पलीकडच्या बँकेतून आलेल्या बाईंकडे दिली. झालं! सकाळी दोघी आल्याशिवाय कॅश बाहेर निघेना, संध्याकाळी हिशेब जुळल्याशिवाय दोघींनाही घरी जाता येईना. एकदा पाचशे रुपये कमी भरले. आम्ही दोघी एकमेकींकडे अशा बघतोय, की विचारू नका! पुन्हा सगळी बंडलं मोजायला बसलो तेव्हा एका बंडलात दोन नोटा चिकटलेल्या सापडल्या. त्या दिवसापासून बाईंचा डबा माझ्या टेबलावर.

काउंटरवरही तसंच केलं. एक माणूस आमचा, शेजारी एक त्यांचा. जुनं चेकबुक घेऊन कुणी आला, आयएफएससी कोड बदलला म्हणून कुणाचे पैसे अडकले, की दोघांनी मिळून निस्तरायचं. पेन्शनर आजोबा तर पासबुकावरचं नवं नाव बघून आमच्याशीच भांडायचे, जणू बँक आम्हीच विकली! पण त्यांची समजूत घालायला त्यांच्या ओळखीचा चेहरा समोर होता, म्हणून निभावलं.

सगळं गोड झालं असं मात्र नाही हं. सिनिऑरिटीच्या यादीत कोण वर, कोण खाली, बदली कुठे होणार, हे शेजारी टेबलं लावून सुटत नाही. ते वरूनच स्पष्ट यावं लागतं, आणि लवकर यावं लागतं. आमच्याकडे परिपत्रक येईपर्यंत नुसत्या अफवा. रोज नवा गाव, रोज नवी बदली! चांगली कामाची माणसं त्या टांगणीला कंटाळून स्वेच्छानिवृत्तीच्या गोष्टी करायला लागली होती. साहेबलोकांना वाटतं, बातमी दडवली की शांतता राहते. कसली शांतता, कुणाचं कामात लक्षच नव्हतं.

तेव्हा सुनेला सांगा, राजीनामा इतक्यात लिहू नकोस. नव्या साहेबाकडून दोनच गोष्टी मेलवर घे: आता माझं काम नेमकं कोणतं, आणि माझी बढती कोण ठरवणार. आणि पलीकडच्या टीममधल्या एखादीबरोबर अर्धं-अर्धं करायचं एक तरी काम स्वतःहून मागून घे. तिकडची तीही घरी जाऊन असंच तोंड पाडून बसत असेल.