यंत्राची बदली कुठे करायची?

मार्च २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने इंडियाएआय मिशनला सुमारे १०,३७२ कोटी रुपये मंजूर केले. जानेवारी २०२५ मध्ये अर्थ मंत्रालयाने कर्मचाऱ्यांना बजावलं, की कार्यालयातल्या संगणकावर चॅटजीपीटी, डीपसीक वगैरे वापरायचं नाही. गोपनीयतेला धोका आहे. यात ज्यांना विसंगती दिसते त्यांना सरकार कळलेलं नाही. पाहुण्याला अगत्याने बोलवावं आणि ओसरीवरच बसवावं, ही आपली जुनीच रीत.

गोपनीयतेची चिंता मात्र उगाच. आपल्या सरकारी माहितीला हात लावायची कुणाची छाती आहे? पत्र आधी युनिकोडपूर्व फॉन्टात टाइप होतं. मग त्याची प्रिंट, प्रिंटवर सही, सहीवर शिक्का, शिक्क्यावर आवक क्रमांक. तो कागद तिरका ठेवून स्कॅन करायचा, पीडीएफ संकेतस्थळावर चढवायची, की झालं डिजिटायझेशन! बिचारं यंत्र ‘मा. तहसीलदार’ वाचतावाचताच घामाघूम होतं.

महाराष्ट्रही मागे नाही. जून २०२५ मध्ये शेतीसाठी महाॲग्री-एआय धोरण आलं, ५०० कोटींच्या तरतुदीसह. आता मोबाइल सांगणार, ‘दादा, सकाळी पाणी द्या.’ दादा सांगणार, ‘बाबा रे, या आठवड्यात लाइट रात्रीची आहे.’ शिवाय दादा आधारवर एका नावाचे, सातबाऱ्यावर दुसऱ्या आणि बँकेच्या पासबुकात तिसऱ्याच. यंत्राला दिसतात तीन शेतकरी आणि अनुदान मिळत नाही एकालाही.

हेही निभेल. मिशनच्या अनुदानामुळे एआयला लागणारा जीपीयू तासाला शंभर रुपयांच्या आत भाड्याने मिळतो, इंजिनिअर तर गल्लोगल्ली आहेत. खरी अडचण वेगळीच आहे. यंत्र टिपणी लिहील, प्रस्ताव तपासेल, मंजुरीची शिफारसही करेल; पण उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर खुलासा कोण देणार? यंत्राची वेतनवाढ रोखता येत नाही. त्याला निलंबित करून निम्म्या पगारावर घरी बसवता येत नाही. रागावून गडचिरोलीला धाडावं, तर ते तिथूनही तितक्याच तत्परतेने उत्तर देणार!

म्हणून यंत्राने दोन सेकंदांत दिलेलं उत्तर सहा टेबलांवरून फिरतं आणि प्रत्येक टेबलावर शेरा पडतो : ‘वरिष्ठांच्या मान्यतेस्तव सादर.’ ‘मी जबाबदार’ असं लिहून खाली सही करणारा अधिकारी शोधून देणारं एखादं मॉडेल कुणी बनवलं, तर मिशनचे सगळे पैसे एका दिवसात वसूल होतील. मात्र ते खरेदी करण्याच्या फाइलवर सही कोण करणार, तेवढं आधी ठरवा.