खलनायकाच्या बाजूने दोन शब्द

माणसाने सोसायटीच्या मीटिंगमध्ये चहात बिस्किट बुडवू नये. बुडवलंच तर ते तुटू देऊ नये, आणि तुटलंच तर कपात मान घालून शोधत बसू नये, कारण आपण तळाशी गेलेलं बिस्किट चमच्याने काढण्यात गुंतलेले असताना सेक्रेटरी काहीतरी विचारतात, नेमकं त्याच क्षणी बिस्किट वर येतं, आपण समाधानाने मान डोलावतो आणि गणपतीतल्या वादविवाद स्पर्धेत ‘कॉमिक्समधल्या खलनायकांना स्वतंत्र चित्रपट मिळावेत का?’ या विषयावर ‘मिळावेत’च्या बाजूने आपलं नाव लागतं. माझं लागलं. विषय तरुण मंडळींनी काढला होता. गेल्या वर्षी आम्ही ज्येष्ठांनी ‘मोबाइल : शाप की वरदान’ ठेवला होता, तेव्हा ऐकायला बाप्पा आणि उंदीर एवढेच होते.

खलनायकाची वकिली करायला माझ्याइतका नालायक माणूस आमच्या तिन्ही विंगांत शोधून सापडायचा नाही. भाजीवाली पिवळी पडलेली कोथिंबीर गळ्यात मारते आणि मी तिला ‘थँक्यू’ म्हणतो. रिक्षावाला ‘नाही’ म्हणाला की मीच ओशाळतो. लहानपणी चाळीतल्या नाटकात मला रावणाच्या दरबारातला राक्षस केलं होतं. वाक्य एकच, ‘महाराज, वानर आला!’ ते मी इतक्या अदबीने म्हटलं की प्रमुख पाहुण्यांनी भाषणात बिभीषणाच्या कामाचं खास कौतुक केलं. नाटकात बिभीषण नव्हताच.

तसा या विषयाशी माझा जुना संबंध होता, पण तो चारचौघांत सांगण्यासारखा नाही. तुम्ही घरचेच म्हणून सांगतो. २०१९ साली ‘जोकर’ आपल्याकडे लागला तो २ ऑक्टोबरला. गांधीजींची दीडशेवी जयंती, शाळांना सुट्टी, भाचा आमच्याकडे राहायला आलेला, आणि जाहिरातीत तोंड रंगवलेला, लाल कोटातला एक माणूस जिन्यावर नाचतोय. डोक्यात राज कपूर बसलेल्या माणसाने याचा अर्थ काय लावायचा? मी सर्कस धरून चाललो. तीन तिकिटं काढली, पोराला म्हटलं, हत्ती असेल-नसेल, सिंह नक्की. दारावरच्या मुलाने आधी तिकिटांकडे बघितलं, मग भाच्याकडे, मग बराच वेळ माझ्याकडे. “काका, ‘ए’ आहे हा. मोठ्यांचा.” पैसे परत मिळेनात, तेव्हा बायकोला एकटीला आत पाठवलं आणि आम्ही मामा-भाचे बाहेरच्या बाकावर पॉपकॉर्न खात बसलो. सिंह अगदीच नव्हता असं नाही. व्हेनिसच्या महोत्सवात त्या चित्रपटाला सुवर्णसिंह मिळाला होता. पण हे मला फार उशिरा कळलं, आणि कळून भाच्याचं समाधान झालं नसतंच.

बायको दोन तासांनी बाहेर आली ती गप्प. घरी येईपर्यंत गप्प. रात्री पानावर बसल्यावर म्हणाली, “तुम्हाला लहानपणी कुणी छळलं होतं का हो?” त्यानंतर आठवडाभर मला न मागता दुसऱ्यांदा कढी मिळाली, माझे विनोद शेवटपर्यंत ऐकले गेले आणि वेळच्या वेळी त्यांना हसलंही गेलं. संसारात इतके सुखाचे दिवस मी पाहिले नव्हते. त्या चित्रपटातला आर्थर फ्लेक हा न चालणारे विनोद करणारा माणूस आहे, त्याला कुणी धड हसत नाही आणि मग एक दिवस तो पिस्तूल काढतो, हे मला ठाऊक नव्हतं. विनोदी लेखकाच्या बायकोने तो चित्रपट एकटीने बघू नये.

तोच भाचा आता अकरावीत आहे. स्पर्धेसाठी माझा अभ्यास त्याने घेतला. मला नावं लक्षात राहत नाहीत, चेहरे राहतात, आणि इथे चेहऱ्यांनीच घात केला. २०१६ च्या ‘सुइसाइड स्क्वॉड’मध्ये हिरव्या केसांचा जोकर झालेला जेरेड लेटो सहा वर्षांनी ‘मॉर्बियस’मध्ये रक्ताच्या विकाराने खंगलेला डॉक्टर होऊन आला, तेव्हा मी अर्धा चित्रपट ‘जोकरची तब्येत फारच उतरली रे’ म्हणून हळहळत होतो. बॅटमॅनची पाठ मोडणारा बेन आणि ‘व्हेनम’मधला एडी ब्रॉक हे दोघंही टॉम हार्डीच, असं भाच्याने सांगितल्यावर ‘शेवटी मार्गाला लागला म्हणायचा’ असं मी बोलून गेलो. ‘क्रेव्हन द हंटर’मधला शिकारी तर आधी ‘ॲव्हेंजर्स’च्या दुसऱ्या भागात वाऱ्याच्या वेगाने पळणारा पोरगा होता आणि तिथे गोळ्या लागून मेला होता. त्याला धडधाकट बघून मला इतका आनंद झाला की भाच्याने रिमोट काढून घेतला.

भाषणाची सुरुवात खलनायकी हास्याने करावी, ही कल्पनाही त्याचीच. वॉकिन फीनिक्सच्या जोकरला नको तिथे हसू फुटण्याचा आजार आहे, ते हसू घशात अडकतं, ते हसू आणि रडू यांच्या मधलं असलं पाहिजे, इतकं सगळं त्याने मला समजावलं. रात्री अकरानंतर, घरातले झोपल्यावर, मी गॅलरीत कपड्यांच्या दोऱ्यांखाली उभा राहून सुरुवात केली. पहिलं हसू बरं आलं. दुसऱ्याला ठसका लागला. तिसऱ्याच्या वेळी ठसका आणि हसू एकदम आलं, खालच्या मजल्यावर दिवा लागला, समोरच्या विंगेतून कुणीतरी ‘पाठीवर थोपटा, पाठीवर!’ असं ओरडलं आणि बेल वाजली. दारात वॉचमन पाण्याची बाटली घेऊन उभा होता. त्याच्यामागे खालच्या काकू ओव्याची पुडी घेऊन. फीनिक्सला याच हसण्यावर ऑस्कर मिळालं होतं.

अभ्यासात एक गोष्ट मात्र मनाला लागली. जोकर १९४० साली ‘बॅटमॅन’च्या पहिल्या अंकात आला आणि त्याच अंकात मरणार होता. झटापटीत स्वतःचाच सुरा छातीत घुसतो आणि गडी संपतो, अशी गोष्ट काढून तयार होती. व्हिटनी एल्सवर्थ नावाच्या संपादकाला वाटलं, एवढा चांगला बदमाश वाया कशाला घालवायचा? त्याने शेवटी एक चौकट वाढवायला लावली, तीत डॉक्टर सांगतो की हा जगणार. त्या एका चौकटीच्या जोरावर तो आजवर जगला, आधी हीथ लेजरला आणि मग वॉकिन फीनिक्सला ऑस्कर देऊन गेला, आणि २०१९ च्या एका चित्रपटात त्याने १०० कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला. माझे लेख इतक्या संपादकांच्या टेबलांवरून गेले. एकालाही कधी एक ओळ वाढवावीशी वाटली नाही. कापायला मात्र सगळे तयार.

बाकीची मंडळी पडद्यावर कशी आली याचं कारण त्यांच्या गुणांत कमी आणि करारनाम्यात जास्त आहे. मार्व्हल कंपनी कर्जात बुडाली होती त्या काळात स्पायडरमॅनच्या चित्रपटांचे हक्क सोनीकडे गेले, आणि त्याच्याबरोबर त्याचे शत्रूही. पुढे स्पायडरमॅन ॲव्हेंजर्समध्ये खेळायला जाऊ लागला आणि सोनीने घरच्या वैऱ्यांचे वेगळे चित्रपट काढायला घेतले. त्यांत स्पायडरमॅन नाही. नवरदेवाशिवाय वरात निघाली. व्हेनमचंच बघा. १९८८ साली ‘अमेझिंग स्पायडरमॅन’च्या तीनशेव्या अंकात तो आला, तो म्हणजे स्पायडरमॅनने अंगावरून झटकून टाकलेला परग्रहावरचा पोशाख आणि स्पायडरमॅनमुळे नोकरी गमावलेला पत्रकार, अशी दोन दुखावलेल्या जिवांची भागीदारी. आता स्पायडरमॅनच नाही म्हटल्यावर त्यांनी रागवायचं कुणावर? ते एकमेकांवर रागावतात. अंगात शिरलेला तो काळा जीव भुकेने एडीला इतका छळतो की एडी भर हॉटेलात शेवंडांच्या टाकीत उतरून बसतो. बायको बराच वेळ हसली आणि म्हणाली, “हा चांगला आहे. आपल्या घरातलाच वाटतो.” समीक्षकांनी ‘व्हेनम’ला झोडपलं, पण ८५ कोटी डॉलर मिळाले ते बहुधा अशाच घरांतून.

‘मॉर्बियस’बद्दल मला वेगळाच जिव्हाळा आहे. चित्रपट पडला, मग इंटरनेटवरच्या पोरांनी त्याची मनसोक्त टर उडवली, आणि ती टर म्हणजे मागणी समजून सोनीने जून २०२२ मध्ये तो अमेरिकेत पुन्हा हजारभर थिएटरांत लावला. आठवडाअखेर सगळे मिळून जमले तीन लाख डॉलर. म्हणजे थिएटरमागे तीनशे. थट्टा आणि कौतुक यांतला फरक न कळणारा मी एकटा नाही, हे बघून फार धीर आला.

स्पर्धेच्या संध्याकाळी माझ्यासमोर ‘मिळू नयेत’च्या बाजूने सहावीतली एक मुलगी उभी होती. दोन वेण्या, हातात कागद नाही. माझ्या हातात कागदांचं बाड. मी हसून सुरुवात केली, माइक किंचाळला, पहिल्या रांगेतलं बाळ रडायला लागलं, ते शांत होईपर्यंत माझा एक मिनिट गेला. मग ‘जोकर’वर बरा बोललो. तिथे थांबायला हवं होतं. पण एवढा अभ्यास केलेला, तो वाया कसा घालवायचा? मी ‘व्हेनम’ सांगितला, ‘मॉर्बियस’चे तीनशे डॉलर सांगितले आणि तावातावाने ‘क्रेव्हन’वर आलो. हा शिकारी १९६४ पासून स्पायडरमॅनच्या मागावर आहे. १९८७ च्या गोष्टीत तर तो त्याला जिवंत पुरतो आणि त्याचाच पोशाख घालून गावभर हिंडतो. २०२४ च्या चित्रपटात त्याचं काय केलं? तो जनावरांची बाजू घेतो, चोरट्या शिकाऱ्यांना मारतो, आणि जे काही वाईट आहे ते सगळं त्याच्या कडक बापावर ढकललंय. “आता तुम्हीच सांगा,” मी टेबलावर मूठ आपटली, “यात खलनायक आहे कुठे? असे चित्रपट कशाला काढतात?” टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्यांदाच माझ्या बोलण्यावर मांडव एवढा गाजला होता. भाच्याने मात्र दोन्ही हातांनी डोकं धरलेलं दिसलं.

मुलगी माइकपाशी आली. म्हणाली, “माझे सगळे मुद्दे काकांनी मांडले आहेत. मला त्यात भर घालायची नाही. धन्यवाद.” पहिलं बक्षीस तिला. मला उत्तेजनार्थ कंपासपेटी. पेटीवर स्पायडरमॅन होता.

खरा मुद्दा हाती लागला तो नंतर, खुर्च्या एकात एक घालून ठेवताना. तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, “अरे, लखोबा लोखंडेचं नाव कसं नाही घेतलंस?” आणि मी खुर्ची हातात धरून तसाच उभा राहिलो. अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ १९६२ सालचं. नावं आणि वेश बदलून बायकांना फसवणारा भामटा हाच नाटकाचा मालक. प्रभाकर पणशीकर फिरत्या रंगमंचावर एकापाठोपाठ एक सोंगं काढायचे, आणि मराठी माणूस त्याच भामट्याला पुन्हा बघायला तिकीट काढायचा. लखोबाचं बालपण उकरून आमच्याकडून रुमाल भिजवून घेण्याचा उद्योग अत्र्यांनी केला नाही. लखोबाच्या नाटकासारखाच ‘जोकर’चा २०२४ चा दुसरा भागही बराचसा कोर्टातच घडतो. त्यातला आर्थर वकिलाला काढून टाकतो, तोंड रंगवून स्वतःचा खटला स्वतः चालवतो, मधेमधे लेडी गागाबरोबर गातो, आणि शेवटी रडवेला होऊन सांगतो की जोकर असा कुणी नाहीच, केलं ते सगळं मीच. लखोबा अखेरपर्यंत ‘तो मी नव्हेच’ म्हणतो आणि लोक परत येतात; हा ‘तो मीच’ म्हणाला आणि गल्ला पहिल्या भागाच्या पाचव्या हिश्शावर आला. हे मी स्टेजवर बोललो असतो तर कंपासपेटी टळली असती.

तेव्हा माझं मत आता सांगतो, स्पर्धा संपलीच आहे. खलनायकाला चित्रपट जरूर द्या, पण देताना त्याचा बदमाशपणा काढून घेऊ नका. ‘द पेंग्विन’ ही मालिका बघताना कॉलिन फॅरेलचा तो लंगडणारा गुंड मला इतका आवडायला लागला होता की घरी असता तर जेवायला थांबवला असता. आणि शेवटच्या भागात, ज्या पोराने त्याच्यावर जीव टाकला त्याचाच त्याने गळा दाबला. मी टीव्ही बंद करून दाराची कडी तपासून आलो. हा खरा खलनायक. परिस्थितीने गांजलेले, मुक्या प्राण्यांवर दया करणारे, बापाला भिणारे पुरुष बघायला तिकीट कशाला काढायचं? ते घरी फुकट मिळतात, असं मी बायकोला म्हणालो. तिने दुजोरा दिला, आणि जरा जास्तच पटकन दिला.

पुढच्या वर्षीचा विषय ठरलाय : ‘धडाकेबाज’मधल्या कवट्या महाकाळला स्वतःचा चित्रपट मिळावा का? ‘मिळावा’च्या बाजूने सेक्रेटरींनी मला न विचारताच माझं नाव लिहून टाकलंय. तुमच्यापैकी कुणाची माझ्या जागी बोलायची तयारी असेल तर कृपा करून कळवा. फक्त तो मुखवटा काढून आत कुणी गरीब बिचारा दाखवू नका.