हापूसवाल्याच्या नावाला जाव्याची महिरप!

ऐकलंत का? आमचं काही म्हणणं नाही हो, पण रत्नागिरीत हल्ली साधं नाव कुणाला पुरेनासं झालंय! परवापरवापर्यंत नुसता ‘बंड्या’ असलेला मुलगा मोबाइलवरच्या गेममध्ये शिरताना दोन्ही बाजूंना नक्षी लावून शिरतो. त्याचं पाहून आंबेवाल्या काकांनीही व्हॉट्सअ‍ॅपवर नावाला तीच महिरप चढवली. काकू म्हणाल्या, ‘लग्नात मुंडावळ्यांना नाही म्हणत होते, आता बघा!’

आणि नक्षी तरी कुठली? बाहेरची महिरप थेट जाव्याच्या लिपीतली. आतले कंस तिबेटी. शेवटी जे हसरं तोंड दिसतं ना, ते तोंडच नव्हे. जपानी लिपीतलं ‘त्सु’ अक्षर आहे ते! १८८६ साली इंग्रजांनी थिबा राजाला कैदी म्हणून रत्नागिरीत आणलं, तो एकट्या ब्रह्मदेशातून आला होता. इथे एका नावात तीन मुलूख नांदतायत, आणि राजवाडासुद्धा मागत नाहीत.

वळणदार इंग्रजी अक्षरांचा थाट तर विचारूच नका. ती युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकी अक्षरांच्या जागतिक यादीत, आली २००१ साली, गणिताच्या सूत्रांसाठी. ती वापरून नाव लिहिलं की फोनच्या यादीत साध्या अक्षरांनी शोधणाऱ्याला ते बरेचदा सापडतच नाही. दृष्टिहीनांना पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही अशा नावापुढे अडखळतं. म्हणजे पेटी हवीय, पैसे तयार आहेत, पण काका गायब!

बरं, २०१८ साली आंब्याचा इमोजी आला आणि त्याच वर्षी हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. कित्येक फोनांवर त्या आंब्याचे गाल लाल. लाल गालाचा हापूस! आणि तो खुशाल ‘अस्सल रत्नागिरी’च्या शेजारी मिरवतो. कुणाला लाज?

हे सगळं कुठे, तर टिळकांच्या जन्मगावी. छपाईचे खिळे कमी व्हावेत म्हणून त्यांनी डोकं झिजवलं. पुढे सावरकरांनी इथल्याच स्थानबद्धतेत लिपिशुद्धीची चळवळ चालवली, अ ची बाराखडी मांडली. एवढी काटकसर शिकवलेल्या गावात चिन्हांची ही उधळपट्टी!

पण खरी गंमत पुढेच आहे. जुलै २०१० मध्ये सरकारने ₹ हे चिन्ह स्वीकारलं. त्याच ऑक्टोबरात युनिकोडच्या ६.० आवृत्तीतून ते आणि शेकडो इमोजी एकाच गाडीने आले. इमोजींना पायघड्या, रुपया अजून फलाटावर! जाव्याची महिरप बोटावर असलेले काका भाव लिहिताना मात्र ‘आरएस’वरच अडतात. आणि ‘ऱ्य’ न सापडल्यामुळे सह्याद्रीच्या दऱ्यांचा खुशाल ‘दर्या’ होतो. कोकणात दोन्ही आहेत, म्हणून काय कुठलंही चालवायचं?

तेव्हा मंडळी, मिरवायचं तेवढं मिरवा. पण आधी हे दोन शिका. विंडोजवर इंग्रजी (भारत) कळफलक निवडून उजवा ऑल्ट आणि ४ दाबला की ₹ उमटतो. फोनवर तो चिन्हांच्या पानात असतो. इन्स्क्रिप्ट या मराठी कळफलकावर शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरकी रेघ, की ‘ऱ्य’ हजर. एवढं जमलं की महिरप चढवा. तोवर काकांनी नाव साधंच ठेवावं, गिऱ्हाइकाला सापडेल तरी!